भरमाणीची बंडी

गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या पाठी
माझ्या मापाच्या वहीत आहेत.
म्हणून वाटलं, कातड्याचं काय एवढं,
जाड कापडच की.

भरमाणी उद्यमबागेत भट्टीवर असतो.
कंपनीचा एप्रन छातीपासून खाली,
ठिणगी बसते खांद्यावर.
त्याच्या बनियनची चाळण
धुऊन धुऊन मला पाठ झाली आहे.

तर बंडी. बिनबाह्यांची, बिनकॉलरची,
एक पाठ आणि पुढचे दोन.
बेतायला रद्दी घेतली.
पाठ कानडी पेपरची निघाली,
पुढचे दोन्ही मराठी,
डाव्यावर कुणाच्या तरी लेकीच्या बारशाचा फोटो.
कातड्याला ह्यातलं काही वाचता येत नव्हतं,
ते नुसतं गुंडाळून जायला बघत होतं.

तायव्वा अथणीची.
उभा जन्म चपलांच्या वेण्या घातल्या,
आता वडगावात लेकीकडे असते.
डोळ्यांत मोतीबिंदू. बोटांत नाही.
मी सवयीनं टाचणी उचलली
तशी तिनं मनगट धरलं.
"ह्याला खपली धरत नाही, पोरी."
तिचं मराठी अर्धं, माझं कानडी पाऊण,
एकच शब्द दोघींचा सारखा,
सावकाश.

दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून आणले.
नूडल्स खायच्या काट्यानं खुणा पाडल्या,
मग आरी, खुणेखुणेवर,
खाली लाकडाचा ठोकळा आणि मांडीवर जुनं गोणपाट.
दोरा मेणाच्या खड्यावरून तीनदा ओढला,
दोन टोकांना दोन सुया.
एकाच भोकातून एक जाते, एक येते,
बोळात समोरासमोर आलेल्या जावांसारखी,
अंग चोरून.

तासाला एक वीत.
एवढ्यात मशीनवर दोन ब्लाउज होतात,
हुकांसकट.
करंगळीच्या पेरात दोरा रुतत गेला,
तायव्वा म्हणाली, तिथं चामडं धरेल तुझं.
ह्यावर ती हसली, मी नाही.

डाव्या खांद्यावर आरी घसरली.
जवभर.
मी नखानं घासलं, थुंकी लावली,
अंगठ्यानं दाबून शंभर मोजले.
भोक तसंच.
तायव्वानं बोट फिरवलं, तिला लगेच सापडलं.
"इर्ली बिड,"
राहू दे म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.
मी तिथंच बसून दुसऱ्या खांद्याकडे बघत होते,
तो अजून कोरा होता
आणि मला त्याची भीती वाटत होती.

बगल घट्ट झाली.
कापड असतं तर आतून अर्धा इंच सोडला असता,
इथं सोडायला काही ठेवलंच नव्हतं.
तायव्वानं रापी माझ्याच हातात दिली.
कापलं. श्वास नंतर घेतला.

नवव्या दिवशी भरमाणीनं घातली
आणि कपाटासारखा उभा राहिला,
हात अंगापासून वीतभर लांब.
"ह्यात जेवायचं कसं?"
तरी आरशात दोनदा वळला.
रात्री खुंटीला लावली
तर फुगून राहिली,
आत कुणीतरी दम धरून असल्यासारखी.
मी दिवा घालवायच्या आधी
त्या जादा भोकात बोट घालून पाहिलं,
बोट जात नव्हतं. एवढंसंच होतं.

पुढच्या पगाराच्या दिवशी विचारलं, ठिणगी?
"बसली असंल. कळलं नाही की."
आणि त्यानं आमटी ओढून घेतली.

परवापासून परत ब्लाउज.
मशीन धावायला लागलं की
मला उगाच लाज वाटते, एवढी घाई कसली म्हणून.
काल एका गुलाबी अस्तराला
टाचणी लावली, चुकीच्या जागी.
काढली.
भोक मिटलं.
समोर गिऱ्हाईक उभं होतं,
आणि मी कापड उजेडाला धरून
ते कुठं गेलं ते शोधत होते.